बंधारा दुरुस्त करा, पण आधी पाण्याची वाटणी ठरवा

चंदगड तालुक्यात पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणेल का? जून ते ऑगस्ट अंगावरचं इरलं उतरत नाही. चूल पेटवायला सुकं लाकूड मिळत नाही. तरी यंदा आमच्या वाडीत घट बसले आणि पाऊस गेला, तो गेलाच. भात पोटरीत होतं. दाणा भरायच्या दिवसांत खाचराला भेगा पडल्या. कापणीला वरच्या तालीतली पेंढी हातात घेतली तर हलकी लागत होती. झोडपल्यावर बरंच पोचट निघालं. त्या भाताला फार काही नको होतं. दोन पाण्याची पाळी मिळाली असती तर वर्षाचे तांदूळ घरात आले असते.

त्याच खाचरापासून वर चालत गेलं की पंधरा मिनिटांवर सरकारी बंधारा आहे. भिंत अजून उभी आहे. पाणी नाही.

हा बंधारा माझ्या जन्माच्या आधीचा. लहान पाटबंधाऱ्याचं काम म्हणून सरकारी पैशातून झाला. ओढ्यावर दगडी भिंत, मध्ये लोखंडी दार, एका अंगाने पाट. पाटाचा पहिला भाग जंगलाच्या हद्दीतून येतो, मग आमच्या वरच्या ताली, मग खालच्या गावाची शेतं. बाबा सांगतात, पहिली काही वर्षं पाणी बरं आलं. दिवाळीपर्यंत भाताला मिळायचं, मागून पावटा आणि हरभरा व्हायचा. मग दार गंजलं. गाळ भरत गेला. एका पावसात जंगलातल्या वळणावर पाट तुटला. वाडीतली माणसं कुदळ-पाटी घेऊन गेली, तर जंगलात खणायचं नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. ज्यांनी बांधलं ते म्हणाले, आम्ही काम करून दिलं, आता आमच्याकडे नाही. ज्यांच्या ताब्यात द्यायचं होतं ते म्हणाले, आम्ही घेतलंच नाही. अशी योजना मेली. कोणी मारली असं नाही. तिला कोणी वाली नव्हता.

असे बंधारे आपल्या भागात एकच नाही. बुलेटिन वाचणाऱ्या बऱ्याच वाड्यांवर, धनगरवाड्यांवर एखादी तुटकी मोरी, कोरडा पाट, गाळाने भरलेला तलाव दाखवता येईल. म्हणून हा विषय एका वाडीचा समजू नये.

पाणी कुठं जातं?

थोडं लांबून बघू. ताम्रपर्णी आपल्या तालुक्यातून निघते. घटप्रभा आपल्याच डोंगरातून निघते. दोन्हींचं पाणी पूर्वेला कर्नाटकात जातं आणि हिडकलच्या धरणात साठतं. पश्चिमेला तिलारीचं पाणी घाटाखाली उतरतं. त्यावर वीज तयार होते, पुढे दोडामार्गात मोठं धरण आहे, त्याचं पाणी सिंधुदुर्गात आणि गोव्यात जातं. तालुक्यातच फाटकवाडी, जांबरे, जंगमहट्टी असे प्रकल्प आहेत. नदीकाठाला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवतात.

खालच्या लोकांनी पाणी वापरलं याचा राग नाही. पाणी खाली जाणारच, ते त्याचं कामच आहे. पण ज्या डोंगरावर पाऊस पडतो, जे जंगल तो पाऊस धरून ठेवतं, त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या भाताला ऑक्टोबरात दोन पाळ्या मिळू नयेत, हा हिशोब कुठला?

मोठ्या योजनांवर पैसा किती गेला हे पेपरात येऊन गेलं आहे. सरकारच्याच आर्थिक पाहणीत २००१-०२ साली राज्यातलं सिंचन १७.८ टक्के होतं आणि २००९-१० साली १७.९ टक्के. त्यावरून राज्यात केवढा गदारोळ झाला, २०१२ साली सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. त्या कोटींच्या पुढे आमच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याचं एक दार आणि तुटका पाट म्हणजे काहीच नाही. तरी ते होत नाही.

आज्जीचा प्रश्न

आता चांगली बातमी अशी की बंधारा दुरुस्तीचा विषय परत निघाला आहे. ग्रामपंचायतीत चर्चा झाली, माणसं येऊन बघून गेली. वाडीत सगळे खूष. मीपण खूष होते. शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. अर्ज कोणी लिहायचा, सह्या कोणी गोळा करायच्या, सगळं ठरत आलं. तेवढ्यात एक आज्जी म्हणाली, "पोरी, सगळं खरं. पण पाणी आल्यावर पयलं कुणाच्या वावरात जाणार ते सांग की."

कोणी बोललं नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. आज्जीच पुढं म्हणाली, "मागल्या वक्ताला बी आमीच दगड व्हायले. पाणी दुसऱ्यांनी प्यायलं."

तेव्हापासून माझं मत बदललं. बंधारा दुरुस्त झालाच पाहिजे, यात वाद नाही. पण दुरुस्तीच्या आधी पाणी कोणाचं आणि कसं वाटायचं हे ग्रामसभेत लिहून ठरलं पाहिजे. भिंत आधी आणि वाटणी मागून, असं झालं तर आपण आपल्या हाताने दुसऱ्यासाठी बंधारा बांधू. हेच सांगायला हा लेख लिहिते आहे.

एक एकर ऊस म्हणजे किती घरांचं भात?

वाटणी मागून ठरवली तर काय होईल? ज्याच्याकडे इंजिन आहे, पाईप आहे, रस्त्याकडेला जमीन आहे, तो पहिला पाणी उचलेल. आणि उचललेलं पाणी उसात जाईल. मी हा हिशोब वहीत मांडला, तुम्हीपण मांडून बघा.

एक गुंठा जमिनीवर दोन इंच पाणी उभं करायला साधारण ५ हजार लिटर लागतं. एका घराचं भात २० गुंठे धरलं तर एका पाळीला १ लाख लिटर. दोन पाळ्यांना २ लाख लिटर. एवढ्यावर त्या घराचं भात वाचतं.

आता एक एकर ऊस. एका पाळीला तीन इंच पाणी धरलं तर ३ लाख लिटर. ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत पंधरा दिवसांनी एक पाळी म्हटलं तरी सोळा पाळ्या. म्हणजे ४८ लाख लिटर. पाटातून झिरपतं ते दोन्हीकडे सोडून दिलं आहे.

४८ भागिले २ म्हणजे २४. एका एकर उसाचं पाणी म्हणजे चोवीस घरांचं भात. लहान बंधाऱ्यात पाणी असतं किती? दोन-तीन जणांनी ऊस लावला की पाट आमच्यापर्यंत यायच्या आधीच कोरडा.

ऊस लावणारे आपले वैरी नाहीत, हे मी स्पष्ट लिहिते. त्यातले कितीतरी आपल्याच नात्यागोत्यातले आहेत. माझी बारावीची फी माझ्या आईने उसाची भांगलण करून भरली. उसाचा पैसा घरात दिसतो, भाताचा दिसत नाही, हे खरं आहे. पण सरकारी पैशातून, सगळ्यांच्या ओढ्यावर बांधलेला बंधारा चार जणांच्या उसासाठी नाही. ऊस लावायचा त्यांनी आपल्या विहिरीवर लावावा. बंधाऱ्यातून त्यांच्या घरालाही वाटा मिळेल, पण एका घराचा वाटा.

यादीत आपलं नाव नाही

दुसरी अडचण कागदाची आहे, आणि ती जास्त अवघड आहे. बंधारा झाला की लाभक्षेत्र ठरतं. त्यातल्या जमीनधारकांची पाणी वापर संस्था होते. २००५ च्या कायद्याप्रमाणे सिंचनाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थेकडे देता येतो. कायदा चांगला आहे. पण यादी सातबारावरून होते. आपल्यातल्या किती जणांच्या हातात सातबारा आहे? कोणाचा वनहक्काचा दावा समितीत पडून आहे. कोणाचा दावा फेटाळला आहे आणि अपील करायचं आहे. कोणी दुसऱ्याची जमीन वाट्याने करतो. हेरे सरंजामाच्या गावांतल्या कसणाऱ्यांना तर सातबाऱ्याचा घोळ काय असतो हे नव्याने सांगायला नको.

म्हणजे पाट आपल्या तालीतून जाणार, पाट साफ आपण करणार, पण संस्थेच्या यादीत आपण नसणार. पाणी मागायला गेलं की विचारणार, तुमचा गट नंबर काय? हे आताच रोखलं नाही तर पुढे रोखता येणार नाही.

"आधी पट्टा, मग पाणी"

संघटनेतल्या काही मोठ्या माणसांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, आपली लढाई जमिनीच्या हक्काची आहे. पट्टा मिळाला की पाणी मागू. आत्ताच पाण्याच्या मागे लागलो तर माणसं दोन कामांत वाटली जातील. त्यांच्या अनुभवापुढे मी लहान आहे. पण मला हे पटत नाही. दोन कारणं सांगते.

पहिलं. पट्टा मिळाला आणि पाणी नसलं तर त्या पट्ट्यावर पोरगा राहत नाही. आपल्याच वाड्यांवर बघा. जमीन नावावर झाली तरी पोरं गोव्याला, बेळगावला, पुण्याला कामाला जातात. म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर नाचणी आणि भात उभं आहे. जी जमीन कोणी कसत नाही ती जमीन टिकवणं अवघड जातं.

दुसरं कारण कायद्यातच आहे. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये दाव्याला कोणते पुरावे चालतात ते लिहिलं आहे. त्यात सरकारी नकाशे आणि नोंदी आहेत. त्यात असंही आहे की जमिनीवर केलेली कायमची सुधारणा, म्हणजे सपाटीकरण, बांध, बंधारे, हासुद्धा पुरावा धरायचा. आता विचार करा. १३ डिसेंबर २००५ च्या आधी आपण ती जमीन कसत होतो हे आपल्याला दाखवायचं आहे. बंधारा त्याच्या कितीतरी आधीचा. पाट आपल्या तालीतून काढला, म्हणजे तेव्हा तिथे ताली होत्या. त्या कामाचा नकाशा, अंदाजपत्रक, मोजणी कुठल्या तरी कपाटात असणार. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून ते कागद मागता येतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मिळाले तर ते दाव्याला जोडायचे. नाही मिळाले तरी ताल आणि पाट जागेवर आहेतच, वनहक्क समितीने पाहणी करून तसा पंचनामा करावा.

म्हणजे पट्टा आधी की पाणी आधी, हे भांडणच नको. बंधाऱ्याचे कागद पट्ट्याला उपयोगी पडतात, पट्टा पाण्याच्या यादीत नाव घालायला उपयोगी पडतो. दोन्ही कामं एकाच फायलीत चालली पाहिजेत. आपण घोषणा देताना जल, जंगल, जमीन म्हणतो. त्यात जल पहिलं आहे. आपल्या फायलीत मात्र ते शेवटी असतं, बऱ्याचदा नसतंच.

जंगलातला पाट कसा दुरुस्त करायचा?

सगळ्यांना भीती आहे ती तुटक्या पाटाची, कारण तो जंगलाच्या हद्दीत आहे. त्यासाठी वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पाठ करून ठेवा. गावाच्या तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन देता येते असं तिथे लिहिलं आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता तर आहेच. पण त्यात तळी आणि लहान पाणीसाठे, पाणी अडवण्याची कामं आणि लहान सिंचनाचे पाट हेही आहेत. अटी दोन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि या कामाला ग्रामसभेची शिफारस लागते. ती नसेल तर काम होत नाही.

आपल्याला तर नवीन पाटही काढायचा नाही. जुनाच पाट साफ करून एक वळण बांधायचं आहे, त्यात एकही झाड तोडायला नको. म्हणून यापुढे तोंडी विचारायला जायचं नाही. ग्रामसभेचा ठराव, जागेचा हातनकाशा, सोबत अर्ज, आणि अर्जाची सही-शिक्क्याची पोच. नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा, एवढंच सांगायचं.

आणखी एक नियम. २०१२ साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली. नियम १६ प्रमाणे ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांना जमीन सुधारण्याच्या आणि उपजीविकेच्या सगळ्या सरकारी योजना मिळतील हे बघणं राज्य सरकारचं काम आहे. म्हणजे पट्टेदाराला पाण्याच्या योजनेतून वगळता येत नाही. पट्टेदार असलेल्यांनी हा नियम नंबर लिहून अर्ज करावा.

मजुरीचं काय? काही जण म्हणतात श्रमदान करू. माझा त्याला विरोध आहे. आपल्या आईबापांनी एकदा फुकट दगड वाहिले. गाळ काढणं, पाट दुरुस्त करणं ही रोजगार हमीत बसणारी कामं आहेत. कोणती कामं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. नमुना ४ भरून काम मागा, नमुना ५ ची पोच घ्या. काम झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी मिळाली पाहिजे. जानेवारी ते मे या महिन्यांत वाडीतली माणसं कामासाठी बाहेर जातात, त्याच महिन्यांत हे काम होऊ शकतं. गाळ आपल्या तालीत टाकायचा. दाराचं आणि सिमेंटचं काम मात्र खात्याने करावं, ते आपल्याला जमणारं नाही.

असं कुठं झालं आहे का?

झालं आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर दिलं. माणशी अर्धा एकर, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही हा नियम. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. खर्चातला २० टक्के वाटा लोकांनी भरला.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते, ती लोकांनी स्वतः विकून पैसा उभा केला. तिथेही भूमिहीन घरांना पाण्याचा वाटा धरला. श्रमिक मुक्ती दलाने पुढे समन्यायी पाणीवाटपाची मागणी कृष्णा खोऱ्यात लावून धरली.

ही दुष्काळी भागातली गावं. त्यांच्याकडे पाऊस नाही म्हणून त्यांना वाटणीचा विचार करावा लागला. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो म्हणून आपण कधी विचारच केला नाही. पण दिवाळीनंतर आपला ओढा आणि त्यांची नदी यांत फरक राहत नाही.

मी सुचवते ते नियम

हे शेवटचे नाहीत. वाडीवाडीत बोलून बदलावेत.

१. घटस्थापनेपासून भात कापणीपर्यंतचं पाणी फक्त भाताला. दुसरं पीक मध्ये येणार नाही.

२. वाटा घराप्रमाणे. सातबारा असो, वनपट्टा असो, दावा चालू असो, वाट्याने करणारा असो, घर म्हणून एक वाटा. भूमिहीन घरालाही वाटा. त्याने तो दुसऱ्याच्या खाचराला द्यावा आणि बदल्यात भात घ्यावं.

३. पाळी पाटाच्या शेपटापासून सुरू करायची. शेवटच्या खाचराला मिळाल्यावर वरच्याला. तोंडाजवळचा माणूस कधी उपाशी राहत नाही, शेपटाचा राहतो.

४. बंधाऱ्यात आणि पाटात इंजिन टाकायचं नाही.

५. कापणीनंतर उरलेल्या पाण्यावर पावटा, हरभरा, भाजी. किती उरलं ते बघून बैठकीत ठरवायचं. ओढ्यात गुरांना आणि जंगलातल्या जनावरांना पाणी ठेवायचं. गव्याला वर पाणी नसलं की तो खाली आपल्या शेतात येतो.

६. पाटकरी वाडीतलाच, ग्रामसभेने निवडलेला. त्याला प्रत्येक घराने सुगीला भात द्यायचं. पाळीची वही ठेवायची, वाचता येणाऱ्या पोरापोरींनी ती दर आठवड्याला मोठ्याने वाचायची.

७. वहीत नाव नवरा-बायको दोघांचं. वनपट्टा दोघांच्या नावाने होतो, मग पाण्याची पाळी एकाच्याच नावाने का? रात्रीची पाळी धरायला बाईच जाते.

शेपटापासून पाळीला खालच्या गावातल्या लोकांचाही फायदा आहे, हे त्यांना समजावून सांगा. पाटाचं शेपूट त्यांच्याच शिवारात आहे. आपण वरचे आहोत. आपण स्वतःला मागे ठेवून हा नियम मांडतो आहोत, म्हणून तो मांडायचा आपल्याला अधिकार आहे. आपल्या ताली वर आहेत म्हणून पाणी आपण दाबून धरलं, तर आपल्यात आणि इंजिनवाल्यांत फरक काय राहिला?

आता करायचं काय?

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पेसा कायदा इथे लागू नाही. त्यामुळे वाडीची वेगळी ग्रामसभा म्हणून ठराव करायला गेलं तर अडचण येते, सगळ्या गावाच्या ग्रामसभेत जावं लागतं. तिथे आपण थोडे असतो, मागे बसतो, बोलत नाही. म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी तीन कामं करा.

एक, वाडीत बैठक घेऊन घरांची यादी करा. प्रत्येक घर, प्रत्येक बाई, प्रत्येक कसणारा. दोन, बंधारा, पाट, तुटलेली जागा, ताली, सगळं चालत जाऊन बघा आणि कागदावर काढा. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, पाट कुठून जात होता हे त्यांनाच ठाऊक आहे. तीन, खालच्या गावातल्या लहान भात शेतकऱ्यांशी आधीच बोला. त्यांचंही भात आपल्यासारखंच वाळलं आहे.

ग्रामसभेला एकट्याने जाऊ नका. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि त्यात एकतृतीयांश बाया लागतात. तेवढ्या बाया आपल्या वाडीतूनच नेऊ. ठरावात दोन गोष्टी एकत्र लिहून घ्या: बंधारा आणि पाट दुरुस्त करावा, आणि पाण्याची वाटणी सोबत जोडलेल्या नियमांप्रमाणे व्हावी. कोणी म्हणेल, आत्ता दुरुस्तीचा ठराव करू, वाटणीचं मागून बघू. तिथे हो म्हणू नका. दोन्ही एका कागदावर नसतील तर सही करायची नाही.

यात उशीर होईल का? होईल. कदाचित या उन्हाळ्यात काम होणार नाही. एक भात आणखी वाळेल. हे लिहिताना मला जड जातं, कारण ते माझ्याही घरचं भात आहे. पण घाईत दुरुस्त झालेल्या बंधाऱ्यातून पाच वर्षांनी पाणी उसात चाललेलं बघायचं आणि आपण काठावर उभं राहायचं, त्यापेक्षा एक वर्ष थांबणं बरं.

आज्जीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. २६ जानेवारीला तिला ग्रामसभेत घेऊन जाणार आहे. पहिलं पाणी कोणाच्या वावरात, हे तिने तिथेच विचारावं आणि उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय आपण कोणी उठायचं नाही.